रेंज गेली तर गाडी काय करील?

अमरावती–अकोला हा आपल्या होस्टेलमधल्या निम्म्या लोकांचा घरचा रस्ता. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये, लोणी ते माना या पट्ट्यात, एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता पाहिला की इंजिनीअरिंगवाल्याच्या मनात येतंच: उद्या इथून ड्रायव्हर नसलेल्या ट्रकांची रांग धावेल का? मेसमध्ये हा विषय निघाला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अन् मंग बोरगावजवळ रेंज गेली त?" सगळ्या हसलो. पण मित्रांनो, या विषयातला खरा प्रश्न तोच आहे!

आधी एक गैरसमज दूर करू. एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यांना मोबाइलचा टॉवर लागतोच असे नाही. प्रत्येक गाडीतला रेडिओ सेकंदाला साधारण दहा वेळा आजूबाजूच्या गाड्यांना सांगत असतो: मी इथे आहे, माझा वेग एवढा, मी ब्रेक दाबला. त्यामुळे पुढच्या ट्रकचा वेग प्रत्यक्षात कमी झालेला दिसण्याआधीच मागच्याला खबर लागते, आणि दोघांमधले अंतर कमी ठेवता येते.

किती कमी? ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रेडिओ चालू असताना ०.६ सेकंदाचे अंतर ठेवून गाड्या चालवण्याचे प्रयोग झालेले आहेत. म्हणजे फक्त १५ मीटर. नुसत्या रडारच्या भरवशावर चालायचे तर दीड सेकंद तरी धरू; ते होतात साडेसदतीस मीटर. मधले साडेबावीस मीटर रेडिओने उधार दिलेले असतात. तो बंद पडला की उधारी चुकवावी लागते, आणि तीही कचकन ब्रेक न मारता, कारण मागेही कुणीतरी १५ मीटरवर आहे. सेकंदाला दोन मीटरने वेग कमी ठेवला तर हे अंतर मोकळे व्हायला अकरा सेकंद लागतात. ही अकरा सेकंदं खरी काळजीची. दहा ट्रकांच्या रांगेत सगळ्यांचेच रेडिओ एकदम गेले तर शेवटच्याला दोनशे मीटर मागे सरकावे लागते, म्हणजे त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

एखाददुसरा संदेश चुकला तर गाडी घाबरत नाही, शेवटच्या माहितीवर क्षणभर निभावते. संदेश येतच नाहीत असे दिसले की रडारने पुढच्या गाडीच्या वेगातला फरक टिपून तिने ब्रेक दाबला असावा का, याचा ती स्वतः अंदाज बांधते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास हीच पद्धत मांडली. इंग्रजीत तिला 'ग्रेसफुल डिग्रेडेशन' म्हणतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटातलं, त्यामुळे नेमका मराठी शब्द संपादकांनीच सुचवावा. मी तूर्त 'मानाने एकेक पायरी उतरणे' म्हणते.

ही पायऱ्यांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडनेरा–अकोला रेल्वेलाइनच घ्या. पुढच्या स्टेशनाची परवानगी घेऊन गाडी सोडायची, ही जुनी पद्धत. त्यासाठीचे यंत्र बिघडले तर फोन, तोही गेला तर कंट्रोलचा फोन, मग वॉकीटॉकी. आणि सगळेच बंद पडले तर? रेल्वेच्या नियमांत त्याचीही सोय आहे. डबल लाइनवर ड्रायव्हरला लेखी कागद मिळतो, आधीची गाडी सुटून ३० मिनिटे झाल्याशिवाय पुढची सोडत नाहीत, वेग ताशी २५ च्या आत, आणि पुढचे नीट दिसत नसेल तर १०. अंतर वाढवा, वेग उतरवा, डोळ्यांवर विश्वास ठेवा! ट्रकच्या कॉम्प्युटरला शिकवतात ते याहून वेगळे काय आहे?

(मूर्तिजापूर–अचलपूरच्या आपल्या शकुंतलेला हा त्रासच नव्हता. शेवटच्या काळात लाइनीवर एकच गाडी. कोण कुणाशी बोलणार!)

मात्र एक मोठा फरक आहे. रूळावर थांबलेल्या गाडीच्या मागे सिग्नल असतो, रस्त्यावर नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या दहाएक चालकविरहित गाड्या रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि वाहतूक तुंबली. संगीत महोत्सवाच्या गर्दीने मोबाइल नेटवर्कवर ताण आला, त्यामुळे गाड्यांशी संपर्क होईना, असे कंपनीने सांगितले. ती टॅक्सीसेवा पुढे गुंडाळली गेली. आता अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या कावडयात्रेत फोन लावून बघा, म्हणजे त्या गाड्यांचे दुःख कळेल. माझे स्पष्ट मत असे, की दूर बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय जिला बाजूलाही होता येत नाही, त्या गाडीला स्वयंचलित म्हणू नये.

'संपर्क तुटला की थांबा' हा सोपा नियम कागदावर सुरक्षित वाटतो. पण रात्री दोन वाजता मूर्तिजापूरच्या अलीकडे लेनमध्ये उभा असलेला ट्रक, मागून ट्रॅव्हल्सची बस, आणि तिच्यात आपल्यापैकीच कुणीतरी झोपलेलं. तिथे ट्रकने थांबायचे नाही. दिवे लुकलुकवत, अंतर वाढवत, हळूहळू चालत राहायचे, आणि पूर्ण रुंदीची मोकळी जागा किंवा ढाब्याचे आवार स्वतःच्या कॅमेऱ्याला दिसले, की मगच रस्ता सोडून उभे राहायचे.