विश्लेषण : आठ कप चहातून प्रयोगाची आखणी कशी शिकवतात?

विज्ञान शाखेच्या बहुतेक प्रॅक्टिकलचे उत्तर आधीच माहीत असते. लंबकाच्या प्रयोगात ९.८ च्या आसपास आकडा आला नाही, तर रीडिंग ‘जुळवली’ जातात, हे उघड गुपित. त्यातून उपकरण हाताळता येते, जर्नल पूर्ण होते. प्रयोग आखता येत नाही. त्यासाठी संख्याशास्त्राच्या वर्गात आजही जुना चहाचा धडा वापरला जातो.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रातील म्युरिएल ब्रिस्टल यांचा दावा होता, की कपात आधी दूध ओतले की चहा, हे चवीवरून कळते. सहकारी रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात अशाच दाव्याची चाचणी मांडली.

आठच कप का?

चार कपांत आधी दूध, चारांत आधी चहा. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार. म्हणजे केवळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १, जेमतेम १.४ टक्के. दोन-दोन असे चारच कप ठेवले, तर ती ६ त १ होते. मग सगळे ओळखूनही फारसे सिद्ध होत नाही. खरा धक्का पुढे आहे. आठ कपांच्या चाचणीत चारांपैकी तीन बरोबर निवडले, तर कामगिरी भक्कम वाटते. पण अंदाजाने किमान तेवढे जमण्याची शक्यता ७० त १७, म्हणजे २४ टक्के!

आपल्या उकळलेल्या चहात हे जमणार नाही, हा भाग वेगळा. दोन कंपन्यांचे कोला चालतात. मात्र एक बाटली फ्रिजमधली आणि दुसरी टेबलावरची असेल, तर ओळखला जातो तो गारवा. कपांचा क्रमही मनाने लावायचा नाही, कारण माणूस नकळत आलटून-पालटून लावतो. चिठ्ठ्या टाकायच्या.

प्रोजेक्टमध्ये काय चुकते?

प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे अनेकदा शवविच्छेदनच, असे फिशर यांनी १९३८ मध्ये कलकत्त्यातील सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात सुनावले होते. अंतिम वर्षाचे अनेक प्रोजेक्ट आजही तिथेच पोहोचतात. समजा, खत घातलेल्या कुंड्या खिडकीत, बिनखताच्या भिंतीशी. आणि मार्चमध्ये प्रश्न, ‘सर, टेस्ट कोणती लावू?’ उन्हाचा परिणाम आणि खताचा परिणाम वेगळा करून देणारी टेस्ट तेव्हा उरलेली नसते. कुंड्या मांडण्याआधीच चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या.