पिकअपची सर्व्हिसिंग : किलोमीटर की तास?

घाटकोपरचे पिकअपवाले मला विचारतात, ‘सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायची?’ मी उलट विचारतो, गाडी धावते कुठे? नाशिक रस्त्यावर ताशी 50 च्या सरासरीने 10,000 किलोमीटर म्हणजे इंजिनाचे 200 तास. साकीनाक्याच्या गर्दीत सरासरी 10 धरली, तर तेच अंतर 1,000 तासांचं! मीटर सारखाच, ऑइल मात्र पाचपट वेळ राबलेलं.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड आहे. धूर गाळणाऱ्या फिल्टरात काजळी साठते. ती जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल फवारलं जातं. मध्येच गाडी बंद केली की काजळी अर्धवट राहते, आणि वारंवार असं झालं की डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ होतं. तेव्हा पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका!

सर्व्हिसिंगला एक दिवसाचं भाडं बुडतं, हे मान्य. पण पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही असतात; आधी येईल ते धरायचं. वाशीहून भाजी आणून मुलुंडभर थांबत-थांबत वाटणाऱ्याला तर मी पुस्तिकेतल्या निम्म्या अंतरावरच ऑइल बदलायला सांगतो.