निकोसियाचा विमानतळ : उभारणी, युद्ध व शेवट

इयत्ता सहावी-सातवीच्या भूगोलात भूमध्य समुद्राचा नकाशा शिकविताना त्याच्या पूर्व टोकास असलेल्या सायप्रस बेटाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तथापि या बेटाच्या राजधानीतील विमानतळाचा इतिहास असा आहे की, त्याच्या आधारे दळणवळण, युद्ध व शांतता या तिन्ही विषयांचे एकत्र विवेचन करता येते. शिक्षकांस उपयोगी पडावी म्हणून त्याची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

बेटाची ओळख

सिसिली व सार्डिनिया यांच्या खालोखाल सायप्रस हे भूमध्य समुद्रातील तिसरे मोठे बेट होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,२५० चौरस किलोमीटर आहे. तुर्कस्तानचा किनारा तेथून उत्तरेस अवघ्या सुमारे ७० किलोमीटरवर आहे. ग्रीसची मुख्य भूमी मात्र पश्चिमेस कित्येक पटींनी दूर आहे. १८७८ साली बेटाचा कारभार इंग्रजांच्या हाती आला व १६ ऑगस्ट १९६० रोजी ते स्वतंत्र झाले. त्या वेळच्या लोकसंख्येत सुमारे चार-पंचमांश लोक ग्रीक भाषा बोलणारे ख्रिस्ती होते, तर एक-पंचमांशाहून काहीसे कमी लोक तुर्की भाषा बोलणारे मुसलमान होते. नव्या राज्यघटनेचे व स्वातंत्र्याचे रक्षण करण्याची हमी ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान या तीन देशांनी घेतली होती. परंतु १९६३ च्या अखेरीस दोन समाजांत दंगे उसळले आणि मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला तेथे शांतिसेना धाडावी लागली. या सेनेचे पहिले सेनापती भारताचे जनरल ज्ञानी होते. त्यांच्यानंतर भारताचे माजी सरसेनापती जनरल थिमय्या यांनी ते काम पाहिले व डिसेंबर १९६५ मध्ये त्याच कामावर असता त्यांचा सायप्रसमध्ये मृत्यू झाला.

विमानतळाची उभारणी

निकोसियाच्या पश्चिमेस असलेला हा तळ प्रथम इंग्रजांच्या हवाई दलासाठी निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, प्रवाशांसाठी तेथे एक लहानशी इमारत बांधण्यात आली. स्वातंत्र्यानंतर बेटावर येणाऱ्या प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढली व ती इमारत अपुरी पडू लागली. म्हणून नवी, प्रशस्त इमारत बांधण्यात आली. तिचा आराखडा जर्मन वास्तुतज्ज्ञांनी केला होता, खर्च सुमारे ११ लाख पौंड आला व २७ मार्च १९६८ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. एका वेळी ८०० प्रवाशांची सोय होईल व ११ विमाने उभी राहू शकतील, अशी तिची व्यवस्था होती. लहान व नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला ही वास्तू अभिमानाची वाटावी, हे स्वाभाविकच होते. थोड्याच वर्षांत ती आणखी वाढविण्याच्या योजनाही तयार झाल्या. प्रत्यक्षात मात्र ही इमारत सहा वर्षे व सुमारे चार महिनेच उपयोगात आली.

१९७४ चा जुलै महिना

१५ जुलै १९७४ रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या चिथावणीने सायप्रसच्या राष्ट्रीय रक्षक दलाने बंड केले व राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांस पदच्युत केले. मकारिओस बेटाबाहेर निसटले. बंडाच्या दिवशीच विमानतळ बंद झाला. पुढे तो अल्पकाळ उघडण्यात आला. परंतु २० जुलै रोजी पहाटे तुर्कस्तानने हमीच्या कराराचा आधार सांगून उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरविले आणि तुर्की विमानांनी या तळावर बाँबवर्षाव केला.

विमानतळावरच प्रथम आघात का होतो, हे विद्यार्थ्यांस समजावून सांगितले पाहिजे. बेटावर बाहेरून मदत येण्याचे मार्ग दोनच, समुद्र व आकाश. ज्याच्या हाती धावपट्टी असते, तो काही तासांत सैनिक व दारूगोळा आणू शकतो. म्हणून एक पक्ष ती हस्तगत करू पाहतो व दुसरा ती निकामी करू पाहतो. ही शंका निराधार नव्हती. २१ जुलैच्या रात्री क्रीट बेटावरून ग्रीक कमांडो सैनिकांस घेऊन मालवाहू विमाने निकोसियाकडे निघाली व उत्तररात्री अंधारात या तळावर उतरली. त्यांपैकी एक विमान शत्रूचे समजून तळाच्या रक्षकांनीच पाडले व आतील सैनिक मृत्युमुखी पडले. युद्धातील गोंधळात आपला व परका हा भेदही कसा हरपतो, याचे हे विदारक उदाहरण होय.

शांतिसेनेचा ताबा

२२ जुलै रोजी दुपारी ४ वाजता युद्धविराम जाहीर झाला, तरी विमानतळाभोवतीची लढाई थांबली नाही. त्या वेळी शांतिसेनेचे सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद हे होते. त्यांनी स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांशी बोलणी करून २३ जुलै रोजी विमानतळ हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालील क्षेत्र म्हणून घोषित केले. राष्ट्रीय रक्षक दल तेथून बाहेर पडले व शांतिसैनिकांनी तळ ताब्यात घेतला. परंतु लवकरच तुर्की बाजूने हा निर्णय अमान्य असल्याचे व तळ बळाने घेतला जाईल असे सूचित केले. शांतिसैनिक संख्येने थोडे होते व त्यांच्यापाशी अवजड शस्त्रेही नव्हती. तरीही ते जागेवरून हलले नाहीत. बेटावरील तळांतून ब्रिटनने अधिक सैनिक त्यांच्या साहाय्यास दिले, न्यूयॉर्क, लंडन व अंकारा येथे वाटाघाटी झाल्या, आणि अखेर तळावर हल्ला होणार नाही असे आश्वासन तुर्कस्तानने दिले. ऑगस्टच्या मध्यास दुसऱ्यांदा युद्ध पेटले व बेटाचा एक-तृतीयांशाहून अधिक उत्तर भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात गेला, तरी विमानतळ शांतिसेनेकडेच राहिला.

विमानतळ पुन्हा का सुरू झाला नाही?

येथे एक प्रश्न चौकस विद्यार्थी अवश्य विचारील. बाँबने पडलेले खड्डे बुजविता येतात, फुटलेल्या काचा नव्याने बसविता येतात. मग हा विमानतळ पुन्हा का चालू झाला नाही?

विमानतळ म्हणजे केवळ इमारत व धावपट्टी नव्हे. उतरणारे विमान कित्येक किलोमीटर अगोदरपासून हळूहळू खाली येत असते व उड्डाण करणारे विमान तितक्याच अंतरापर्यंत वर चढत असते. त्या सर्व मुलखावरील आकाश निर्धोक असावे लागते. खालील भूमीवर ज्याची सत्ता आहे त्याची संमती असावी लागते. तळाकडे येणारा रस्ता प्रवाशांस मोकळा असावा लागतो. निकोसियात यांपैकी काहीच उरले नाही. बेटाच्या पूर्व-पश्चिम सुमारे १८० किलोमीटर लांबीचा निर्लष्करी पट्टा आखला गेला व विमानतळ त्या पट्ट्यात सापडला. खड्डे बुजविणे सोपे होते, संमती मिळविणे कठीण होते. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने दोन्ही समाजांच्या उपयोगासाठी तो उघडण्याची सूचना मांडली, पण ती तडीस गेली नाही.

अडकून पडलेली तीन प्रवासी विमाने १९७७ मध्ये विशेष परवानगीने दुरुस्त करून बाहेर नेण्यात आली. तीच तेथील अखेरची प्रवासी विमाने. एक जुने ट्रायडंट विमान मात्र अद्याप तेथेच गंजत उभे आहे. इमारतीत धूळ व कबुतरांचे वास्तव्य आहे. दक्षिण भागाने १९७५ च्या आरंभीच लार्नाका येथे दुसरा विमानतळ सुरू केला व १९८३ मध्ये पाफोस येथे तिसरा. उत्तर भागातील एर्जान येथील विमानांस तुर्कस्तानमार्गेच जावे-यावे लागते. राजधानीला स्वतःचा चालू विमानतळ मात्र नाही.

आजचा उपयोग

विमानतळाचा परिसर अगदीच ओसाड आहे असे मात्र नाही. शांतिसेनेचे मुख्य ठाणे तेथेच आहे व दोन्ही समाजांच्या नेत्यांच्या अनेक बैठका तेथे झाल्या आहेत. १९६३-६४ व १९७४ च्या संघर्षांत बेपत्ता झालेल्या व्यक्तींच्या अधिकृत यादीत २,००२ नावे आहेत. त्यांत १,५१० ग्रीक सायप्रसवासी व ४९२ तुर्क सायप्रसवासी आहेत. ठिकठिकाणी पुरलेले अवशेष शोधून त्यांची ओळख पटविण्याची प्रयोगशाळा याच क्षेत्रात असून तीत दोन्ही समाजांचे शास्त्रज्ञ शेजारी बसून काम करतात. आजवर एक हजाराहून अधिक व्यक्तींचे अवशेष त्यांच्या कुटुंबीयांच्या स्वाधीन करण्यात आले आहेत. ज्या ठिकाणाहून एके काळी माणसे प्रवासास निघत, तेथून आता कित्येक वर्षांनी ती आपल्या घरी परततात.

पाठासाठी सूचना

१. भिंतीवरील नकाशावर सायप्रस, ग्रीस, क्रीट व तुर्कस्तान दाखवून अंतरांची तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. कोणते सैन्य जलद पोहोचू शकले व का, याचे उत्तर त्यांना नकाशावरूनच काढू द्यावे.

२. गावातील पूल, विहीर वा बाजाराचा रस्ता दोन वस्त्यांच्या भांडणात बंद पडला, तर कोणाकोणाचे काय अडते, याची यादी फळ्यावर करवावी. त्यानंतर विमानतळाचा पाठ घेतल्यास ‘संमती’ या शब्दाचा अर्थ मुलांस निराळा समजावून द्यावा लागणार नाही.

३. या युद्धात दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे व सुमारे ४५ हजार तुर्क सायप्रसवासी उत्तरेकडे घरेदारे सोडून गेले. ही दोन्ही दुःखे सांगावीत. एकच सांगितल्यास इतिहासाचा पाठ होत नाही, फिर्याद होते.