आधी क्रियापद पकडा

इंग्रजी व्याकरणाची उजळणी : लेखांक ९

वाक्याचे चार प्रकार शाळेपासून पाठ आहेत : असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह आणि एक्स्क्लमेटरी. अमेरिकी पुस्तकांत पहिल्याला डिक्लेरेटिव्ह म्हणतात, इतकंच. मात्र प्रश्नार्थक शब्द दिसला की लगेच प्रश्न समजू नये. ‘आय वंडर व्हेअर ही इज’ यात ‘व्हेअर’ आहे, तरी ते साधं विधान आहे आणि शेवटी पूर्णविरामच येतो. बाकी इथे कुणाचं फारसं अडत नाही. अडतं ते उद्देश्य आणि विधेयापाशी.

सिम्पल सब्जेक्ट म्हणजे विशेषणांचं लटांबर दूर केल्यावर उरणारं मुख्य नाम किंवा सर्वनाम. सिम्पल प्रेडिकेट म्हणजे सहायक क्रियापदासकट नुसतं क्रियापद. रीड आणि केलॉग या अमेरिकी शिक्षकांनी १८७७ सालच्या पुस्तकात याची आकृतीच काढून दाखवली : आडव्या रेघेवर डावीकडे नाम, उजवीकडे क्रियापद, मध्ये तिला छेदणारी उभी रेघ. विशेषणं खाली तिरक्या रेघांवर. घोकंपट्टीपेक्षा ही आकृती मला केव्हाही बरी वाटते.

‘द बॉक्स ऑफ मँगोज हॅज अराइव्ह्ड.’ आधी क्रियापद पकडा : ‘हॅज अराइव्ह्ड’. मग विचारा, काय आलं? पेटी. ‘मँगोज’ हे ‘ऑफ’च्या मागे अडकलेलं नाम, ते उद्देश्य होऊच शकत नाही. म्हणून ‘हॅव’ नाही, ‘हॅज’.

खरी गोची पुढे आहे. ‘मुलीने आंबे खाल्ले आहेत’ या कर्मणी प्रयोगात आपलं क्रियापद मुलीला सोडून आंब्यांच्या मागे जातं. तोच कान घेऊन मूल इंग्रजीत ‘द गर्ल हॅव ईटन द मँगोज’ लिहितं. मराठी पक्कं आहे म्हणून झालेली ही चूक. तिच्यावर नुसती लाल फुली मारून भागत नाही. इंग्रजी कर्तरी वाक्यात कर्मं कितीही असोत, क्रियापद कर्त्याशीच बांधलेलं : ‘द गर्ल हॅज ईटन’.

प्रश्न असेल तर तो विधानाच्या क्रमात लावून पाहा. ‘हॅज युवर ब्रदर सोल्ड द स्कूटर?’ यात उद्देश्य ‘ब्रदर’, विधेय ‘हॅज सोल्ड’. मध्ये फट पडली म्हणून विधेय अर्धवट उचलू नये. ‘नॉट’ आणि ‘नेव्हर’ मात्र त्यात धरायचे नाहीत.

‘क्लोज द विंडो’ यात उद्देश्य दिसत नाही, पण ‘यू’ गृहीत असतो. आपण ‘उद्या येईन’ म्हणून मोकळे होतो, कारण ‘मी’ क्रियापदातूनच कळतो. इंग्रजीत ही सवलत मुख्यतः आज्ञेपुरती. पाऊस पडतानासुद्धा ‘इट इज रेनिंग’ म्हणत एक ‘इट’ उभा करावा लागतो, आणि तोच उद्देश्य. उलट ‘देअर आर टू मँगोज’ यातला ‘देअर’ नुसती जागा अडवतो. शाळेच्या हिशेबात उद्देश्य ‘मँगोज’.

आता हे सोडवून ठेवा : ‘अंडर द कॉट स्लेप्ट टू लेझी कॅट्स.’ ‘कॉट’ म्हणणाऱ्यांनी आधी ‘अंडर’कडे पाहावं. उत्तर पुढच्या आठवड्यात.