सही खरी कशी ओळखाल?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकाचा सहीचा फोटो घेण्याआधी त्याचं मृत्युवर्ष पाहा. जर्मनीचा वेर्नर मोल्डर्स नोव्हेंबर १९४१ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी गेला. त्याची सही दुर्मीळच असणार. जर्मनीचाच वैमानिक अॅडॉल्फ गालांड मात्र १९९६पर्यंत हयात होता.

मग भिंग घ्या. छापील सही बारीक ठिपक्यांत फुटते. शाईची रेघ सलग धावते, वळणावर किंचित साचते. बॉलपेन बाजारात रुळलं ते युद्ध संपताना. १९४०ची म्हणून दाखवलेली सही बॉलपेनची निघाली, तर व्यवहार तिथेच थांबवा. अतिनील दिव्याखाली निळसर झळकणारा कागदही बहुधा युद्धानंतरचाच.

नव्या सह्यांची वाट मात्र आता बंद होत चालली आहे: ब्रिटनच्या हवाई लढाईतले अखेरचे ज्ञात हयात वैमानिक जॉन हेमिंग्वे मार्च २०२५ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी वारले.