फौजेतून परतलेले अब्बा

हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव आपल्या मुलांनाही ठाऊक असतं. १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत जीपवरच्या तोफेने शत्रूचे रणगाडे उडवताना ते शहीद झाले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. पण अशा लढायांमधून जे जिवंत घरी आले, त्यांचं पुढे काय झालं? पेन्शन सुरू झाली, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्याची नोकरी मिळाली, म्हणजे सगळं खैरियत आहे असंच आपण धरून चालतो.

फौजी घरांतल्या बायकांशी आम्ही बोलतो तेव्हा वेगळंच ऐकू येतं. शादीत फटाके वाजले की ताटावरून उठून मागच्या अंगणात जाणारे दादा. रात्री तीनदा उठून दाराची कडी तपासणारे अब्बा. मुलांनी भांडं पाडलं तरी अंगावर धावून जाणारे आणि मग दोन दिवस कुणाशीच न बोलणारे चाचा. "सुट्टीवर यायचे तेव्हा बरे होते, कायमचे आले आणि बदलले," असं एक चाची म्हणाल्या.

दादांच्या पिढीत, म्हणजे १९७१ च्या लढाईच्या सुमारास, या दुखण्याला घरात नावच नव्हतं. 'मिजाज गरम आहे' म्हणायचं आणि गप्प बसायचं. तसं ते दुखणं जुनंच. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरांनी त्याविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने डोकं बिघडतं असा तेव्हा समज होता. मग गोळ्याच्या जवळपासही नसलेले जवान थरथरू लागले आणि समज डळमळला. त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश फौजेने आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ मध्ये! व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हालांनंतर १९८० साली 'पीटीएसडी' हे नाव तिथल्या डॉक्टरांच्या अधिकृत यादीत आलं. भयानक प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, झोप उडणं, सतत सावध राहणं, माणसांपासून तुटणं ही त्याची लक्षणं.

१९९९ च्या कारगिलवाल्यांना हे नाव कधी ना कधी कानावर पडलं, पण 'पागल' म्हणतील या धास्तीने ते दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आजच्या तरुण माजी सैनिकांचं आणखी वेगळं. जवान पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. पहाटेची शिट्टी, हुद्दा, जिवाला जीव देणारे साथी हे सगळं एका दिवसात जातं आणि इथे मेहुणा विचारतो, "आता काय करणार?" गोळी न झाडताही उदासी यायला एवढं पुरतं. फौजेतला प्रत्येकजण आजारी पडतो असं मुळीच नाही. बहुतेक जण उत्तम संसार करतात. पण जो पडतो, त्याला आपण पहिल्यांदा ताबीज आणून देतो. दुआ जरूर करावी, मात्र त्यापायी डॉक्टरकडे जायला वर्ष लावू नये. ईमान कमजोर आहे म्हणून कुणाची झोप उडत नाही.

"तिकडे काय पाहिलंत?" असं खोदून विचारू नका. झोप, भूक, दारू यांच्याकडे लक्ष ठेवा. "माझं आता काय काम" अशी भाषा कानावर आली, तर घरातली परवान्याची बंदूक त्याच दिवशी तिथून हलवा. भावाला, मामाला सोबत घ्या, पण हलवाच. संकोच नंतर करता येईल.

पेन्शनधारकांना ईसीएचएसच्या दवाखान्यातून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं जातं. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा खास कक्षही सुरू झाला. फोन घरातल्या कुणीही करू शकतं.

त्या चाचींनी पहिला फोन स्वयंपाकघरातून, दार लोटून केला. चाचा ओसरीवर होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. ते काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी, इशाच्या नमाजानंतर, त्यांनी विचारलं, "तो नंबर कोणता होता?"