९०० पानं, दोन भाऊ आणि एक आजार

आमच्या वाचनगटात परवा वॉली लँब यांच्या ‘आय नो धिस मच इज ट्रू’वरून चांगलीच जुंपली. १९९८ची ही कादंबरी जवळपास ९०० पानांची आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या जुळ्या भावांची. थॉमसला स्किझोफ्रेनिया आहे. आखाती युद्ध टळावं म्हणून १९९० मध्ये तो सार्वजनिक ग्रंथालयात स्वतःचा हात कापून घेतो. गोष्ट सांगतो मात्र त्याला सांभाळणारा भाऊ, डॉमिनिक.

काहींनी पुस्तक अर्ध्यावर सोडलं. सिसिलीहून आलेल्या आजोबांचं आत्मकथन मध्ये येतं आणि त्यातली बायकांबद्दलची तुच्छता वाचवत नाही. शिवाय घटस्फोट, तान्ह्या बाळाचा मृत्यू... एकाच घरावर किती घाव? शेवटी सगळं फार नीट जुळून येतं, हा आक्षेप मलाही पटतो.

पण डॉमिनिकचा राग! भावावर जीव आहे, त्याची लाजही वाटते आणि उद्या आपल्यालाही हे होईल ही धास्ती. ती निराधार नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्याचा धोका बराच वाढतो. तरी आजार अटळ नसतो.

सांभाळणाऱ्याचा वर्षानुवर्षांचा थकवा थोड्या पानांत मावला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

एवढं वाचणं झेपत नसेल, तर २०२०ची एचबीओ मालिका बघा. दोन्ही भाऊ मार्क रफालोनेच साकारलेत. आणि आपला ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट चुकवू नका. तिथे भावाला बहीण सांभाळते.

तुम्ही वाचली असेल, तर कुठे अडलात? वाचायची असेल, तर काहीही विचारा, शेवट न फोडता सांगेन.